कुंकू लावलेलं पिंप

प्रिय इरा आणि नील,

तुमच्या आईने फोनवर विचारलं, "या वयात दोन दिवस एसटीने भटकून काय मिळवलंस?" मी "सावकाश सांगते" म्हणाले आणि विषय बदलला. ते सावकाश सांगणं म्हणजे हे पत्र. सोलापूर ते कुर्डुवाडी हा रस्ता तुम्ही पाहिलेला नाही आणि तो पाहायला मुद्दाम कोणी येत नाही, म्हणून जरा तपशिलाने लिहिते. घडलं त्याच क्रमाने लिहिते. मलाही ते एकदा ओळीने मांडून पाहायचं आहे.

आधी कारण. तुमच्याकडे आले होते तेव्हा स्टेशनावरचं ते यंत्र तुम्ही मला दाखवलंत. रिकामी बाटली त्याच्या तोंडात घातली की ते ती गिळायचं आणि चिठ्ठी द्यायचं, आणि नील दर वेळी टाळ्या वाजवायचा. ते यंत्र करतं ते काम आमच्या सोलापूरच्या बसस्थानकात संगीता करते. ती ठेकेदाराकडची सफाई कामगार, वय पंचेचाळीसच्या आसपास. गाडी आगारात आली की झाडू घेऊन आत शिरते आणि बाकांखालच्या बाटल्या, पेपर, पुठ्ठा वेगळा काढते. गाडीचा फलक न बघता ती गाडी कुठून आली ते सांगते. झेंडूची फुलं आणि नारळाच्या शेंड्या असल्या तर तुळजापूर, पेढ्यांचे खोके असले तर अक्कलकोट. मी तिची दोनदा परीक्षा घेतली. दोन्ही वेळा ती पास झाली.

संगीता आणि तिच्याबरोबरच्या दोघी पूर्वी आगाराच्या भिंतीबाहेर, नाल्याच्या कडेला उन्हात बसून हा माल निवडायच्या. पाणी प्यायला कोणी गेलं की पोतं चोरीला जायचं. कपडे बदलायला आडोसा नव्हता. मग आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने एक योजना मांडली. मार्गावरच्या तीन लहान स्थानकांत प्लास्टिकची दोन दोन पिंपं ठेवायची, हिरवं ओल्या कचऱ्याला आणि निळं सुक्याला. सुका माल पोत्यात भरून परतीच्या गाडीने सोलापूरला पाठवायचा आणि निवडायला संगीताला आगारातली टायरची जुनी पत्र्याची शेड द्यायची. आगाराच्या साहेबांनी शेड सहा महिन्यांच्या बोलीवर दिली. मुदत संपत आली तेव्हा ते म्हणाले, "तिन्ही स्थानकांची पत्रं आणा, की पिंपं वापरात आहेत. नाहीतर शेड पार्सलवाल्यांना द्यायची आहे. ते मागे लागलेत."

शेडला दार होतं आणि दाराला कडी होती. एवढ्यासाठी हा प्रवास. माझ्याबरोबर संगीता आली, आपली सुट्टी खर्चून.

मोहोळ

सकाळची गाडी. मी मधोमध शिवण घालून दोन कप्प्यांची कापडी पिशवी शिवून घेतली होती, आमच्या स्वतःच्या प्रवासातल्या कचऱ्यासाठी. एका कप्प्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यावर निळी. कंडक्टरने पिशवी नीट पाहून घेतली आणि म्हणाला, "आजी, तुमचं तिकीट सरकारनं माफ केलंय. कचऱ्याचं हाफ काढू का?" मागच्या बाकापर्यंत हशा पसरला. मीही हसले. संगीता हसली नाही. ती माझ्या बाकाखाली बघत होती. तिथे पाण्याची एक रिकामी बाटली होती. गाडीने ब्रेक मारला की ती घरंगळत ड्रायव्हरकडे जायची आणि गाडीने वेग घेतला की परत आमच्याकडे यायची. पंचवीस-तीस माणसांच्या पायांमधून ती अशी येरझाऱ्या घालत होती आणि तिला उचलावं असं कोणालाही वाटत नव्हतं. शेवटी संगीताने पायाने अडवून ती उचलली.

बाहेर ज्वारी हुरड्यावर आली होती. रस्त्याकडेला हुरड्याचे मांडव आणि प्रत्येक मांडवामागे पांढऱ्या द्रोणांचा ढीग. कुंपणाच्या बाभळींवर पिशव्या अडकून फडफडत होत्या. लहानपणी मी याच रस्त्याने वडिलांबरोबर जायची. तेव्हाही लोक खिडकीतून फेकायचे, पण ते शेंगांची टरफलं फेकायचे. हात तसाच राहिला आहे. हातातली वस्तू बदलली, हे हाताला अजून कळलेलं नाही.

मोहोळची पिंपं मात्र बघण्यासारखी निघाली. निळ्यात बाटल्या आणि वेष्टनं, हिरव्यात सालं आणि भिजलेला चहाचा चोथा. चूक एखाद-दुसरी. तिथल्या वाहतूक नियंत्रकांनी उभ्या उभ्या पत्र लिहून शिक्का मारला. मी इतकी खूश झाले की संगीताला चहा पाजला आणि स्वतः साखरेचा प्यायले. (आईला सांगू नका.)

स्थानकातल्या बाकावर आम्ही डबे उघडले. माझ्याकडे कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही होतं. संगीताने धपाटे आणले होते. ती डबा उघडून थांबली, माझ्याकडे बघत. ती का थांबली ते तुम्हाला कळायचं नाही आणि कळू नये अशीच माझी इच्छा आहे. ती बौद्ध आहे. माझ्या आईच्या वेळी अशा डब्यातलं कोणी घेत नसे. मी मुद्दाम तिच्या डब्यातला धपाटा आधी उचलला आणि लसूण छान लागलाय म्हणाले. मनातल्या मनात मी स्वतःला शाबासकीही दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली आहे.

कुर्डुवाडी

कुर्डुवाडी रेल्वेचं गाव. लोक वेळ विचारत नाहीत, गाडी गेली का ते विचारतात. आम्ही माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडे मुक्काम केला. तिने ज्वारीची उकडपेंडी केली होती आणि दोघींसाठी एकाच खोलीत गाद्या घातल्या होत्या.

तिथली पिंपंही वापरात होती. हिरव्या पिंपाला बाजूने तडा गेला होता, तो एका चहावाल्याने तारेने शिवून टाकला होता. त्याला विचारलं, लोक टाकतात का? तो म्हणाला, "टाकत्यात की. सुरवातीला मी वरडायचो, आता त्यांचीच बायकापोरं वरडत्यात." दुसरं पत्रही मिळालं.

इथे मला सहा महिने मागे गेलं पाहिजे. ही पिंपं ठेवली तेव्हा तिन्ही ठिकाणी उद्घाटन करायचं आम्ही ठरवलं होतं. मोहोळला गुरुजी आलेच नाहीत, म्हणून नुसती फीत कापली. कुर्डुवाडीला नारळ नासका निघाला. लोकांना ते चांगलं वाटलं नाही, म्हणून पूजा आवरती घेतली. तिसऱ्या गावी मात्र सगळं यथासांग झालं. गुरुजी होते, खणखणीत नारळ होता, सरपंचबाई होत्या. दोन्ही पिंपांवर कुंकवाचं स्वस्तिक मी माझ्या हाताने काढलं. रेघा सरळ आल्या म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं.

त्या दिवशी संगीता पिंपं उतरवायला आली होती. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, कुंकू नका लावू. लावलं की त्यात कुणी टाकनार न्हाय."

मी तिला समजावलं होतं. आमच्या शाळेत दसऱ्याला सूक्ष्मदर्शकाची पूजा व्हायची आणि सोमवारी मुली तोच वापरायच्या. एसटीलाही दसऱ्याला हार घालतात आणि ती चालते. संगीताने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यंत्राला पूजलं तर यंत्र चालवत्यात. पन पूजलेल्यात घाण कोन टाकतंय, बाई?"

मी हसले होते. अज्ञान इतक्या चांगल्या युक्तिवादाने बोललेलं मी प्रथमच ऐकत होते, असं मी घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगितलं. अगदी हेच शब्द.

तिसरं गाव

या गावाचं नाव लिहीत नाही. मोडनिंबच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी आहे एवढं पुरे. तिथली माणसं वाईट नाहीत आणि मला त्यांची नालस्ती करायची नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर तिथे गाडीतून उतरले आणि पिंपं पाहिली. धुऊन पुसून ठेवलेली होती. माझं स्वस्तिक कोणीतरी दर आठवड्याला नव्याने गिरवत असावं, कारण कुंकवाचा थर चांगला जाड झाला होता. दोन्हींना झेंडूचे हार होते. निळ्या पिंपाच्या झाकणाच्या भोकात उदबत्ती खोचलेली होती. खाली चार विटा रचून ओटा केला होता. आणि ओट्यापासून तीन हातांवर, अर्धवर्तुळात, सगळ्या गावाचा आणि सगळ्या गाड्यांचा कचरा होता. संत्र्याची सालं, द्रोण, गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, कोणाची तरी फाटकी चप्पल. कोणी कुंपण घातल्यासारखी त्याची कड पिंपांच्या बाजूने स्वच्छ होती. तिथून पुढे एक कागदही सरकलेला नव्हता.

आमच्याबरोबर उतरलेल्या एका म्हातारीने जाता जाता हिरव्या पिंपाला हात लावून तो छातीला लावला. त्या पिंपावर माझ्याच अक्षरात 'ओला कचरा' लिहिलेलं होतं.

संगीता वाकून ढिगातल्या बाटल्या बघू लागली. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

नियंत्रक नवे होते, दोनच महिन्यांपूर्वी बदलून आलेले, अगदी नम्र. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "मी आलो तेव्हा हे असंच होतं, आजी. मी त्याला हात कसा लावू? उद्या कुणाची गाय मेली तरी माझ्यावर येईल." पत्राचं विचारलं तर म्हणाले, खोटं कसं लिहू, रिकामी पिंपं वापरात आहेत म्हणून? मी त्यांना शेडचं सगळं सांगितलं. ते खरोखर विचारात पडले. मग बाहेर येऊन म्हणाले, "असं करा. एक साल जरी आत पडलेलं मला दिसलं ना, तर लगेच लिहून देतो. सुरुवात झाली म्हणून लिहितो. कुणीतरी सुरुवात केली पाहिजे बघा."

एक साल. माझ्या पिशवीच्या हिरव्या कप्प्यात सकाळच्या केळ्याचं साल होतं.

मी ते काढलं आणि हिरव्या पिंपापाशी गेले. झाकण उघडलं. आत तळाला वाळलेली फुलं होती, बाकी काही नाही. साल माझ्या हातात होतं आणि हात पिंपाच्या काठावर होता. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. चाळीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. शाळेत अंधश्रद्धेवर मी निबंध लिहून घेत असे आणि चांगले निबंध फळ्याशेजारी लावत असे. बोटं उघडायची, एवढंच काम होतं.

बोटं उघडली नाहीत.

भीती वाटली असं मी म्हणणार नाही. देव रागावेल असंही काही मनात आलं नाही. ते स्वस्तिक माझं होतं, शेजारी ती म्हातारी उभी राहून बघत होती आणि हात नुसता ऐकेना. किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या मागे पाच-सहा माणसं जमली.

तेव्हा संगीताने खाली वाकून ढिगातलं एक संत्र्याचं साल उचललं आणि पिंपात टाकलं. मग दुसरं टाकलं. दिवसभर ती जे करते तेच तिने केलं, त्यात आव नव्हता.

"ए बाई, दिसत न्हाय का? देवाचं हाय ते," एक पागोटेवाला म्हणाला.

"कचऱ्याचं हाय, दादा. लिवलंय की त्याच्यावर."

"कुठली हाय गं तू?"

तिने सोलापूरच्या आपल्या वस्तीचं नाव सांगितलं. ते नाव ऐकलं की आमच्याकडे बाकीचं विचारावं लागत नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसरा म्हणाला, "मग बरोबर हाय. तुमास्नी काय त्याचं."

मी पुढे झाले आणि माझ्या वर्गातल्या आवाजात बोलले. हे पिंप कचऱ्यासाठीच आहे, ते आमच्या मंडळाने ठेवलं आहे, पूजाही मीच केली होती. सगळ्यांनी मान खाली घालून ऐकलं. पागोटेवाला हात जोडून म्हणाला, "तुमचं खरं हाय, आजी. पन तिनं असं करायचं न्हवतं."

मला त्याच वेळी म्हणता आलं असतं की ते मीच करायला आले होते, हे बघा माझ्या हातातलं साल. साल तोवर मी पिशवीत परत ठेवलं होतं. मी म्हणाले, "चल संगीता, गाडी लागली."

नियंत्रकांनी दाराआडून सगळं पाहिलं होतं. ते पत्राचं काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

परत सोलापूर

येताना गाडी रिकामी होती. संगीता खिडकीशी बसली. मोहोळ येईपर्यंत मी तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत तिला सांगितलं की उद्या साहेबांना भेटून मी सगळं नीट समजावते. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे वळली.

"बाई, तुमी टाकलं असतं तर कोन काय बोललं नसतं," ती म्हणाली. रागाने नाही. वाट चुकलेल्याला पुढचं वळण दाखवावं तसं.

मग ती बाकाखाली बघू लागली.

साहेबांना मी भेटले. माझ्याआधी त्यांच्याकडे त्या स्थानकाचा अहवाल पोचला होता. सफाई महिलेच्या वागण्याने प्रवाशांच्या भावना दुखावल्या, असं त्यात लिहिलं होतं. माझं नाव त्यात नव्हतं. नियंत्रकांनी ते माझ्या वयाचा मान राखून गाळलं असावं. मी साहेबांना म्हणाले की सुरुवात मी केली होती. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि म्हणाले, "आजी, तुम्ही तिला पाठीशी घालताय, हे तुमचं मोठेपण आहे." मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले. चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक शब्दावर लोकांनी विश्वास ठेवला, आणि हा एक शब्द काही केल्या कोणाला खरा वाटेना.

महिना संपला आणि शेडला पार्सलवाल्यांचं कुलूप लागलं. संगीता आणि त्या दोघी परत नाल्याच्या कडेला गेल्या.

पुन्हा तिसरं गाव

हा भाग आईला मी सांगितलेला नाही. त्यानंतरच्या गुरुवारी मी एकटीच पुन्हा गेले. घरून केळं खाऊन साल घेऊन निघाले. वाटेत बाकाखाली एक बाटली घरंगळत होती. ती मी उचलली, त्याला तीन प्रयत्न लागले.

स्थानकावर बऱ्यापैकी गर्दी होती, बाजाराचा दिवस होता. पिंपांना ताजे हार होते. संगीताने टाकलेली सालं कोणीतरी काढून टाकली होती आणि आत पाणी शिंपडलं होतं. पागोटेवालाही होता, बाकावर बसलेला. त्याने मला ओळखून नमस्कार केला. मी हिरव्या पिंपाचं झाकण उघडलं, साल सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि आत टाकलं. मग खाली वाकले, कंबर धरून, आणि ढिगातले द्रोण, सालं, पुड्या जितक्या उचलता आल्या तितक्या दोन्ही पिंपांत घातल्या. हाराची फुलं हातात आली, तीही हिरव्यात टाकली. कुंकू माझ्या बोटांना लागलं.

मी वाट पाहिली. कोणीतरी ओरडावं, मला माझी वस्ती विचारावी, अशी माझी फार इच्छा होती. एका बाईने आपल्या मुलीला सांगितलं, "आजीला हात धुवायला पानी दे." पागोटेवाला उठून आला आणि त्याने हातातला चहाचा कागदी कप निळ्या पिंपात टाकली. नियंत्रक बाहेर आले, पिंपात डोकावले आणि म्हणाले, "बरं केलंत, आजी. कुणीतरी करायलाच पाहिजे होतं." पत्र त्यांनी तिथेच लिहून दिलं, शिक्का मारून. आजींनी कचरा टाकून सुरुवात केली, कोणाची हरकत नव्हती, असं त्यात आहे.

ते पत्र माझ्याकडे आहे, टेबलाच्या डाव्या खणात. संगीताला मी ते अजून दाखवलेलं नाही. त्यात जे लिहिलं आहे ते तिला आधीपासून माहीत आहे.

तुमची आजी